शिल्लक अपधाव

हवामान बदलाला तोंड देण्याचं नियोजन सरकारात कोण करतं, असं विचारलं तर लोक दिल्लीचं, मंत्रालयाचं, फार तर पुण्याच्या कृषी आयुक्तालयाचं नाव घेतात. ते खोटं नाही. पण हे नियोजन एकेक पायरी उतरत शेवटी ज्याच्या टेबलावर येतं, त्याला बहुतेक वेळा टेबलच नसतं. मी जालना जिल्ह्यात कृषी सहायक होते. आता पदनाम बदलून सहायक कृषी अधिकारी झालंय. सजा तोच, म्हणजे वाट्याची गावं तीच. तलाठ्याला सजाचं कार्यालय असतं, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत असते. आम्ही कुणाच्या तरी रिकाम्या खुर्चीत बसायचं, नाहीतर स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून सह्या घ्यायच्या. देशाच्या हवामानविषयक धोरणाचं शेवटचं टोक मी त्या सीटवर पाहिलं.

वरचा भाग थोडक्यात सांगते. जून २००८ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा काढला, त्यात आठ अभियानं होती, आणि पाठोपाठ राज्यांनाही आपापले आराखडे करायला सांगितलं गेलं. महाराष्ट्राने २०१० मध्ये टेरी या संस्थेकडे अभ्यास सोपवला, ब्रिटनच्या हवामान कार्यालयाचीही मदत घेतली. अहवाल २०१४ मध्ये आला. तापमान चढत जाईल, मोठ्या पावसाचे प्रसंग वाढतील, असा त्याचा सूर. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, ज्वारी आणि झाडावरची मोसंबी झोपली. आम्ही दिवसभर पंचनामे करत होतो आणि त्यानंतर पावसाळाही हुकला. अहवाल मी पुष्कळ उशिरा पाहिला. वाचताना चूक काढावी असं फारसं सापडलं नाही. फक्त त्यातल्या नकाशांचा सर्वांत लहान घटक जिल्हा होता, आणि माझ्या सजात ओढ्याच्या अलीकडे पाऊस पडून पलीकडे धूळ उडायची.

गावापर्यंत पोचलेला पहिला कागद म्हणजे आपत्कालीन पीक आराखडा. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, अर्थात क्रिडाने, कृषी विद्यापीठांना बरोबर घेऊन देशातल्या सहाशेहून जास्त जिल्ह्यांसाठी हे आराखडे केले. मांडणी साधी आहे. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय, चार आठवडे लांबला तर काय, सहा, आठ. पंधरा जुलैनंतर सोयाबीन-कापूस टाळा. बाजरी, सूर्यफूल, तूर, एरंडी घ्या. सल्ला चोख आहे. पण जुलैच्या मध्याला शेतकरी मोकळा नसतो. सोयाबीनची बॅग त्याने कृषी सेवा केंद्रातून मे महिन्यातच उधारीवर उचललेली असते, पीककर्जाच्या अर्जात सोयाबीन लिहिलेलं असतं, विमाही त्यावरच. त्याला एरंडी लाव म्हणायचं, तर एरंडीचं बियाणं तालुक्यात कुठल्या दुकानात आहे हे मला सांगता यायला हवं. आराखड्यात शेऱ्याचा रकाना होता: ‘बियाणे योग्य त्या यंत्रणेमार्फत उपलब्ध करून घ्यावे.’ ती योग्य यंत्रणा म्हणजे मीच असल्याचं मला कळायला जरा वेळ लागला.

शिवाय पावसाची खोडही बदलत गेली. उशिरा येणाऱ्या पावसाची आम्हाला सवय होती. आता तो वेळेवर येतो, पेरणी करवून घेतो आणि मग तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. पीक कसंबसं जगवलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात, सोयाबीनची गंजी रानात असताना कोसळतो. २०१९ च्या परतीच्या पावसाने आणि २०२१ च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाच्या अवशेषांनी हेच केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तर देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट नोंदला गेला. अशा खंडात पीकविम्याचा तेव्हा एक नियम असा होता की मंडळात सलग २१ दिवस अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर नुकसानीच्या पंचवीस टक्के आगाऊ रक्कम द्यायची. मंडळ म्हणजे महसूल मंडळ, त्यात पंधरा-वीस गावं, आणि मोजणारं स्वयंचलित केंद्र एकाच ठिकाणी. विसाव्या दिवशी केंद्राच्या गावावरून एक चुकार सर गेली की सगळ्या गावांचा खंड कागदावर मोडायचा. अतिवृष्टीचंही तसंच. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाले तरच अतिवृष्टी. त्रेसष्ट झाले आणि बांध फुटले, तर बांध फुटले एवढंच. मोजमापाशिवाय नियोजन होत नाही हे मला मान्य आहे. पण मापक जिथे उभा असतो तिथलंच हवामान सरकारला दिसतं, हे त्या सर्व गावांत मला रोज ऐकून घ्यावं लागायचं. त्याच्याशी माझा काहीही संबंध नसताना.

मग २०१८ मध्ये हवामान बदलासाठीचा पोकरा प्रकल्प आला. नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, पण गावात सगळे पोकराच म्हणतात. जागतिक बँकेचं कर्ज, मराठवाडा-विदर्भ आणि जळगाव मिळून १५ जिल्हे, पाच हजारांवर गावं, त्यांत पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याचीही. या प्रकल्पात एक गोष्ट मला मनापासून आवडली. आराखडा जिल्ह्याचा नव्हता, गावाचा होता. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती, आणि गावात राहून काही दिवस चालणारं सूक्ष्म नियोजन: प्रभातफेरी, शिवारफेरी, महिला सभा, रात्री मशालफेरी, आणि शेवटी ग्रामसभेत मंजुरी. मशालफेरीची गावात थट्टा व्हायची. पण त्या निमित्ताने दिवसा शेतात असणारी माणसं रात्री भेटायची, हे खरं.

शिवारफेरीत आमच्याबरोबर गावातले एक म्हातारे बाबा होते. आम्ही मोबाइलवर विहिरींचं स्थान टिपत होतो, खोली विचारत होतो, पाण्याची पातळी लिहीत होतो. बाबांनी एकदाही खोली सांगितली नाही. ते म्हणायचे, “ही संक्रांतीपतूर. ही शिमग्याला तळ दावती. त्या लिंबाखालचीला बाहत्तरात पाणी होतं, आता दिवाळीलाच खडखडाट.” मी वहीत प्रत्येक विहिरीपुढे महिना लिहिला. नंतर नकाशावर ते महिने रंगवले तेव्हा नाल्याच्या वरच्या अंगाच्या विहिरी डिसेंबरच्या, मधल्या फेब्रुवारीच्या आणि गावतळ्याखालच्या मेच्या निघाल्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ते शास्त्र पक्कं आहे. पण एका निरीक्षण विहिरीवरून त्या गावाचे तीन तुकडे दिसले नसते.

महिला सभा मारुतीच्या पारावर झाली. पुरुष दूर बसून ऐकत होते, म्हणून पहिला तासभर बायका ‘हो’ आणि ‘नाही’ यापुढे गेल्या नाहीत. मग एक जण म्हणाली, “म्याडम, पावसानं दडी मारली की तुमी म्हणता पीक गेलं. आमची तर खुरपणी जाती. वीस दिस हाताला काम नाही, ते कुठं लिवायचं?” मी फॉर्म उलटसुलट पाहिला. सातबारा असणाऱ्याचं नुकसान लिहायला जागा होती. भूमिहीनांसाठी शेळीपालन, परसातल्या कोंबड्या असे घटक होते, ते मी सांगितले. ती म्हणाली, “शेळी द्या, बरं हाय. चारा कुनाच्या बांधावरचा?” तिचा प्रश्न मी इतिवृत्तात जशाचा तसा उतरवला. पुढे त्याचं काय झालं, तर काही नाही. इतिवृत्त जोडपत्र म्हणून जोडलं गेलं.

सूक्ष्म नियोजनाचा गाभा म्हणजे पाण्याचा ताळेबंद. आयआयटी मुंबईने त्यासाठी संगणकीय प्रारूप करून दिलं होतं: माती, उतार, पिकं आणि पाऊस घातला की किती पाणी वाहून जातं, किती जमिनीत मुरतं, किती पिकं पितात आणि कुठल्या पिकाला किती कमी पडतं हे निघतं. हिशेब डोक्यात बसावा म्हणून मी गावात सोपा आकडा सांगायची. हजार हेक्टर शिवारावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर ते झालं सत्तर लाख घनमीटर पाणी. ऐकून लोक खूश व्हायचे. मग मी वजाबाकीला लागायची. खरिपाची पिकं, गवत, झाडं आणि ऊन यांनीच त्यातला मोठा वाटा नेलेला असतो. आपला काळा पाषाण सच्छिद्र नाही, त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी राहतं. एक हेक्टर ऊस वर्षाला वीस हजार घनमीटरच्या घरात पाणी घेतो. तेवढ्यात डझनभर हेक्टर हरभऱ्याला दोन-दोन पाळ्या देऊन वर उरतं. इथपर्यंत आलं की ऊसवाले उठून जायचे.

ताळेबंदाच्या तक्त्यात एक रकाना होता, ‘अडविण्यासाठी शिल्लक अपधाव’. अपधाव म्हणजे वाहून जाणारं पाणी. ते शिल्लक असेल तरच नवा सिमेंट नालाबांध किंवा बंधारा मंजूर. आमच्या गावात सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेची कामं आधीच झालेली होती, त्यामुळे सरासरी पावसाच्या हिशेबाने शिल्लक जवळजवळ शून्य निघाली. सभेत गोंधळ झाला. “पाणी शिल्लक नाही म्हणजे काय? आमच्या डोळ्यांदेखत नाल्याला पूर जातो, पूल बुडतो.” त्यांचं खरं होतं आणि तक्त्याचंही खरं होतं. सरासरी पाऊस सरासरीसारखा पडला असता तर नाल्यात वाहायला काही उरलं नसतं. पण एका रात्रीत शंभर-सव्वाशे मिलिमीटर पडतात तेव्हा जमिनीला मुरवायला सवडच मिळत नाही, सगळे बंधारे दोन तासांत भरून सांडायला लागतात, आणि ऑगस्टच्या खंडात त्याच नाल्यात पोरं क्रिकेट खेळतात. बदललेल्या हवामानासाठी केलेला आराखडा अजून जुन्या पावसाच्या सरासरीवर उभा आहे, हे मला त्या शून्यापाशी उमगलं. त्यावर उपाय आणखी बंधारे हा नाही. पाणी मुरवणारं रान वाढवणं, बांधबंदिस्ती दुरुस्त ठेवणं, रुंद वरंबा-सरीवर पेरणी करणं, म्हणजे पाऊस जास्त झाला तर सरीतून निघून जातो आणि कमी झाला तर वरंब्यात ओल राहते. त्या पेरणीसाठी बीबीएफ यंत्र लागतं आणि ते ट्रॅक्टरला जोडून सरळ चालवणारा माणूस लागतो. आमच्या सजात असे दोघं होते. पेरणीच्या चार-पाच दिवसांत सगळ्या गावांना तेच हवे असायचे.

मंजुरी झाली आणि आराखड्याचं रूप पालटलं. गावाचा आराखडा होता, अंमलबजावणी मात्र व्यक्तीच्या अर्जाने. पोर्टलवर अर्ज, समितीचा ठराव, पूर्वसंमती, मोका तपासणी, फोटो, देयक, अनुदान थेट खात्यात. ठिबक, तुषार, फळबाग, शेडनेट, रेशमासाठी तुती, शेततळं. पैसा मधल्या हातांत न अडकता पोचला, हे या पद्धतीचं मोठं यश, मी ते नाकारणार नाही. पण आढाव्याच्या बैठकीत मग तेवढंच विचारलं जायला लागलं: किती अर्ज, किती पूर्वसंमती, किती खर्च. ताळेबंदातली तूट किती कमी झाली, हे मला कधी कुणी विचारलं नाही. कारण पीक बदलायचं ठरवणं, बोअर न पाडण्याचं ठरवणं, पाण्याच्या पाळ्या वाटून घेणं याला लेखाशीर्ष नाही. फुकट होणाऱ्या कामाची प्रगती दाखवायची तरी कुठे?

शेततळ्याचं बघा. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल तळं म्हणजे सुमारे बावीस लाख लिटर पाणी. पावसाचं वाहतं पाणी त्यात साठावं ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात प्लास्टिकचं अस्तर टाकलेली बहुतेक तळी माळाच्या उंचवट्यावर, आणि भरायची विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्याने. जमिनीखाली सर्वांचं असलेलं पाणी उपसून एकाच्या कुंपणात ठेवायचं, तेही उन्हाखाली. मराठवाड्यात मे महिन्यात पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला सेंटिमीटरभर सहज उतरते. तळं भरलेलं असेल तर रोजचे नऊ हजार लिटर हवेत जातात. जवळजवळ एक टँकर. हे मी एका मोसंबीवाल्या दादांना समजावत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्याडम, तेरा साली टँकर घालून घालून शेवटी पाचशे झाडं मी माझ्या हातानं तोडली. अठरा सालचा दुष्काळ या तळ्यानं काढला. आता शेजाऱ्याच्या पाण्याचं मला सांगू नका.” त्यांना काय उत्तर द्यायचं? २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा कशा गेल्या ते मी पाहिलं होतं. त्या माणसापुरतं तळं म्हणजे हवामान बदलावरचा उपायच होता. शेजारच्या विहिरी त्या वर्षी महिनाभर आधी आटल्या, हे गावापुरतं. दोन्ही हिशेब एकाच कागदावर मांडणारा आराखडा लागतो, आणि तसा कागद सरकारकडे नाही.

कायदा आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा; त्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरीला मनाई आहे. उन्हाळ्यात रात्री तामिळनाडू पासिंगच्या गाड्या गावात शिरतात आणि सकाळपर्यंत सहाशे फूट खाली जातात. फूट मोजायला शेतकरी स्वतः उभा असतो, कारण पैसे फुटावर. थांबवायला मात्र कुणी उभं नसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. एकाच गावाचे किती आराखडे असावेत? आमचा पोकराचा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा वेगळा. पंचायत समितीचा संभाव्य पाणीटंचाई आराखडा, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा. महसूलचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा, २००५ च्या कायद्याप्रमाणे. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून माझी वसुंधरा अभियानाची फाइल. प्रत्येकामागे वेगळा विभाग, वेगळा नमुना, वेगळी मुदत. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा माझ्या एका गावात आमच्या आराखड्यात नव्या फळबागांचं लक्ष्य होतं आणि टंचाई आराखड्यात त्याच गावाला एप्रिलपासून टँकर आणि दोन खासगी विहिरींचं अधिग्रहण. दोन्ही कागदांवर एकाच ग्रामसभेचे ठराव. ग्रामसेवक भाऊसाहेबांना मी दाखवलं, ते म्हणाले, “मॅडम, तुमचं शेतीचं पाणी, आमचं प्यायचं.” जमिनीखाली तशी दोन खाती नसतात.

त्याच ऑक्टोबरात आम्ही एका गावात एक साधी गोष्ट केली. ताळेबंदाचं सगळं प्रकरण बाजूला ठेवून फळ्यावर चार ओळी लिहिल्या: यंदा पाऊस किती झाला, आज विहिरींत किती आहे, माणसा-जनावरांना जूनपर्यंत किती लागेल, उरलेल्यात रब्बीचं काय बसतं. भांडणं झाली. गव्हाचं क्षेत्र कमी झालं, कांदा फार थोड्यांनी लावला, ज्वारी-हरभरा वाढला, आणि नळयोजनेच्या विहिरीशेजारच्या दोघांनी मार्चनंतर मोटर लावायची नाही असं कबूल केलं. त्यातल्या एकाने पाळलं. टँकर टळला नाही, पण बराच उशिरा लागला. हे कुठल्याच आराखड्यात आलं नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी पाऊस बरा झाल्यावर कुणी फळा काढला नाही. हिवरेबाजार या गावात दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवतात, शेतीला बोअर घेत नाहीत. सहलीला गेलेली गावं तिथले बंधारे पाहून येतात. त्यांनी ती सभा पाहायला हवी.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरीकाठची गावं पाण्याखाली गेली. मातीसकट रानं वाहून गेली, तिथे पीक आराखडा काय कामाचा? पोकराचा दुसरा टप्पा आता २१ जिल्ह्यांत, सात हजारांवर गावांत सुरू झालाय. पुन्हा फेऱ्या होतील, नकाशे होतील. ते व्हावेत असंच मी म्हणेन, कारण पहिल्या टप्प्यातल्या नकाशांइतकी माहिती त्या गावांबद्दल आधी कुणाकडेच नव्हती. मागणी एवढीच, की ताळेबंद एकदाच मंजुरीपुरता करू नका. तो दरवर्षी त्या वर्षाच्या पावसावर मांडला जावा, आणि टँकरचा आराखडा त्याच कागदाच्या पाठीवर लिहिला जावा.

याला नवीन योजना लागत नाही. दोन ऑक्टोबरची ग्रामसभा आहेच. तेव्हा खरीप निघायला लागलेलं असतं, रब्बी पेरायची असते आणि विहिरी जेवढ्या भरायच्या तेवढ्या भरलेल्या असतात. तुमचं गाव प्रकल्पात असेल तर सूक्ष्म नियोजन आराखड्याची प्रत तालुका कृषी कार्यालयात मागा. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. गाव प्रकल्पात नसेल तरी फळा आणि खडू ग्रामपंचायतीत असतो. मुंबई-पुण्यात राहत असाल आणि गावच्या जमिनीचा सातबारा अजून तुमच्या नावावर असेल, तर त्या सभेला एकदा जाऊन बसा आणि पाण्याचा हिशेब वाचून दाखवा म्हणून उभे राहा.